गरीब गाय

गावी पाहुण्याला घाबरवायला वाघ लागत नाही. ओसरीवरून कुणी म्हणालं, "या की आत, काही करत नाही ती, गरीब आहे," की पुरे. हा दिलासा देणारा माणूस स्वतः नेहमी गाईपासून चांगला लांब बसलेला असतो.

तिच्या मनात खरंच काही नसतं, पंचाईत तिथेच आहे. तीन-चारशे किलोच्या जिवानं मानेवरची माशी हाकलायला शिंग फिरवावं आणि मध्ये आपली बरगडी यावी, यात वैर कुठलं? वाघ निदान आपली दखल घेतो. गाय आपल्या पायावर पाय देऊन संथ रवंथ करत उभी राहते. तिच्या डोळ्यांतली ती अपार करुणा आपल्यासाठी नसते. पंढरपुरी म्हशीची शिंगं तर खांद्याच्याही मागे गेलेली असतात. 'कोण आलं?' म्हणून तिनं नुसतं वळून पाहिलं, तरी अंगणातली माणसं पालखी आल्यासारखी वाकतात.

डोळे दोन बाजूंना असल्यानं गाईला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं. आणि पुण्य मिळवायला आपण हात लावतो तो नेमका मागून! बाजूला सरावं, तर तिची लाथ बाजूलाही फिरते.

आजी धार काढताना गाईच्या कुशीला कपाळ टेकून बसायची. मला ती माया वाटे. माया होतीच, पण लाथ यायच्या आधी कातडीखाली काहीतरी ताठरतं, ते कपाळाला आधी कळतं. आजी चटकन चरवी बाजूला घ्यायची. स्वतः मात्र तिथेच. गाय नुकती व्यालेली असली, की वासराकडे गेलेला हात आजीही मागे घ्यायची. "तिचं बरोबर आहे," म्हणायची, आणि आम्हालाच गोठ्याबाहेर काढायची.

आजोबांचं एक बोट बैलाच्या दाव्यात अडकून कायमचं वाकडं झालेलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीला, त्याच बैलाच्या खांद्यावर जू घासून पडलेल्या घट्ट्याला ते हळद-लोणी चोळत. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं त्याच्या कानाशी अदबीनं सांगत. घरातल्या कुणाला त्यांनी इतक्या आदरानं जेवायला बोलावल्याचं मला आठवत नाही.

"बोट दुखतंय का हो?" आजी विचारायची.

"त्याचा खांदा बघ आधी."