पन्हाळा ते विशाळगड : ऋतुनिर्णयाचा जाबता

पन्हाळ्याहून विशाळगडास पायी जाण्याचा मनसुबा ज्या गृहस्थाने एकदा चारचौघांत बोलून दाखवला, त्याच्यापुढे उभी राहणारी पहिली अडचण चढाची, वाटेची किंवा शिदोरीची नसून ऋतूची असते. कारण सह्याद्रीत सहाही ऋतू यथासांग नांदत असले, तरी त्यांपैकी एखाद्याची शिफारस करणारा जाणता मनुष्य दुसऱ्या जाणत्या मनुष्याशी सहमत झाल्याचे उदाहरण दप्तरी आढळत नाही. पावसाळ्यात चौकशी करावी, तर ‘थंडीत या, तेव्हा खरी मौज’ असे उत्तर मिळते. आणि थंडीत मोठ्या उमेदीने विचारावे, तर समोरचा इसम एक दीर्घ निःश्वास टाकून ‘आषाढात यायला हवे होते’ असे म्हणतो. सल्लागाराच्या मते उत्तम असलेला ऋतू एकतर नुकताच सरलेला असतो, नाहीतर सहा महिने दूर असतो. होतकरू पदयात्रिकांची ही तसदी वाचावी, एवढ्याच हेतूने सदरहू जाबता सिद्ध केला आहे. तो वाचून कोणाच्या पोटऱ्या दुखायच्या थांबतील, असा दावा नाही.

प्रथम एक तत्त्व मनाशी पक्के करावे. निर्दोष ऋतू या डोंगरात नाही, आणि असता तरी तो उपयोगाचा नव्हता. वाटेत ज्याला काहीच झाले नाही, त्याची हकीकत ऐकावयास घरची माणसेदेखील बसत नाहीत. म्हणून ‘कोणता ऋतू चांगला’ हा प्रश्न सोडून ‘परत आल्यावर कोणती तक्रार आपल्या तोंडी शोभेल’ असा प्रश्न विचारावा. ऋतू आपोआप ठरतो.

या अदमासे साठ किलोमीटरांच्या वाटेवर ऋतूचा विचार खऱ्या अर्थाने मसलतीने झाला, तो एकदाच. फौजांनी चातुर्मासात छावणी करावी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघावे, हा त्या काळचा सर्वमान्य शिरस्ता होता; सिद्दी जौहराने तो मोडून मार्चपासून घातलेला वेढा भर पावसातही उठवला नाही, आणि महाराजांनी त्याच पावसाचा आडोसा करून १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, सुमारे सहाशे मावळ्यांनिशी गड सोडला. पुढे शिवा काशिदाने दुसऱ्या पालखीत बसून काय पत्करले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी काय केले, हे मराठी वाचकाला सांगणे नको. येथे मुद्दा इतकाच, की त्या रात्री चालणाऱ्यांनी ऋतू निवडला तो शत्रूची गैरसोय पाहून. आणि आजचा पदयात्रिक तो स्वतःची सोय पाहून निवडू जातो, म्हणूनच त्याची फसगत होते. त्याच्या पाठलागावर सिद्दी मसूद नसतो. रविवार संध्याकाळची कोल्हापूरची एसटी तेवढी असते, आणि ती पुढे असते.

तेव्हा आषाढाचा विचार अग्रक्रमाने करणे प्राप्त आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू लागतो, त्याला शेतकरी ‘तरणा’ पाऊस म्हणतात; पंधरवड्याने पुष्य येतो, तो ‘म्हातारा’. दोहोंत भिजण्याच्या दृष्टीने काही तफावत असल्याचे अनुभवास येत नाही. चिकित्सक प्रवाशाने पंचांग उघडून चालू नक्षत्राचे वाहन पाहावे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल, तर पाऊस भरपूर असे समजून कोरड्या कपड्यांची आशा सोडावी. गाढव निघाल्यास मात्र बेलाशक कूच करावे, कारण पाठीवर बोजा घेऊन, चाबकाचे भय नसताना, दोन दिवस चिखलातून चालण्यास सिद्ध झालेल्या मनुष्यास याहून अनुरूप वाहन ज्योतिषशास्त्रात नाही.

आषाढातला मुख्य पदार्थ चिखल. तो निरनिराळ्या जातींचा असतो, आणि त्यांची ओळख पायाला होते, डोळ्याला होत नाही. लावणी चाललेल्या खाचरांच्या बांधावरचा चिखल मऊ, गार व विश्वासघातकी असतो. त्यात बूट शिरताना आवाज होत नाही, निघताना होतो, आणि पुष्कळदा पाय निघतो, बूट मागे राहतो. तो हुडकण्यासाठी मनुष्य कोपरापर्यंत हात घालून वाकला, की खाचरात ओळीने वाकलेल्या, डोईवर इरली घेतलेल्या बायका क्षणभर हात थांबवून पाहतात. त्यांच्यापैकी कोणी हसत नाही, हीच त्यातली खरी शिक्षा. गुरांच्या वाटेवरचा चिखल निराळा : त्यात खुरांचे खळगे असतात, खळग्यांत तांबडे पाणी असते, आणि खोली किती हे पाणी सांगत नाही. म्हसाईच्या पठारावर चिखल कमी. तेथे जांभा दगड व त्यावर शेवाळ, आणि भोवती धुके इतके दाट, की पुढच्या माणसाची सॅक दिसेनाशी झाली म्हणजे ती माणसासकट गेली की धुक्यात गेली, याचा पंचनामा करावा लागतो.

अशा समयी वाटेतल्या धनगरवाड्यात घोंगडी पांघरून बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्यास ‘मामा, पावनखिंड किती लांब?’ असे विचारण्याची पद्धत आहे. ‘ह्ये काय, टेकाड उतरलं की आलंच,’ असे उत्तर मिळते. ते खोटे नसते. फक्त कोणते टेकाड, याचा खुलासा त्यात नसतो. मामांच्या घरी चुलीपाशी बसून मिळालेला बिनदुधाचा चहा हा मात्र आषाढाचा असा गुण आहे, की त्यापुढे वरील कैफियत बहुतांशी रद्द समजण्यास हरकत नाही.

श्रावणाबद्दल थोडक्यात सांगता येईल. ऊन-पावसाचा खेळ रमणीय असतो खरा, पण सोबत्यांपैकी एकाचा सोमवार, दुसऱ्याचा शनिवार आणि तिसऱ्याची एकादशी असल्यामुळे शिदोरीची तजवीज करणे हे गड जिंकण्याहून कठीण होऊन बसते. भाद्रपदात पठारावर तेरडा, सोनकी फुलते; पण बहुतेकांची शिल्लक रजा तोवर गणपतीत संपलेली असते. फुले पाहावयास जे येतात ते मोटारीने येतात व चालत नाहीत, हे एका परीने फुलांच्या हिताचेच आहे.

आश्विनात पाऊस मागे फिरतो आणि गवत पुरुषभर वाढते. वाट गवताखाली असते, याबद्दल शंका नाही. ती कोठे आहे, एवढाच प्रश्न उरतो. वर ऊन असे तापते, की आषाढातला चिखल आठवून गलबलून यावे. कार्तिकात हेच गवत वाळते व कुसळांचा हंगाम सुरू होतो. कुसळ ही वस्तू जवळून पाहण्याजोगी आहे : पुढे टोक सुईसारखे, त्यावर उलटे केस, आणि मागे पीळ घातलेली लांब शेपटी, ओल लागली की तो पीळ उलगडतो, आणि टोक पुढेच सरकते, मागे येत नाही. घामेजलेल्या पायमोज्यात शिरलेले कुसळ संध्याकाळी उपटू जावे, तर ते मोज्याच्या आतल्या अंगाला निघते. मुक्कामी पोहोचल्यावर दिव्याच्या उजेडात मोजा मांडीवर घेऊन एकेक कुसळ वेचीत बसलेली मंडळी पाहिली, म्हणजे एखाद्या फडात हिशेबनीस बसल्याचा भास होतो.

ऋतू पाहून वागण्याची रीत सरकारातही होती, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. मुंबई इलाख्याचे इंग्रज सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी जाई, पाऊस लागताच पुण्यास उतरे, आणि थंडीत मुंबईस परते. ज्या महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच-साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथून पाऊस लागताच बिऱ्हाड हलवण्याचे शहाणपण त्या सरकारापाशी खचितच होते. यावरून बोध असा, की ज्याला दप्तरासह मुक्काम हलवण्याची मुभा आहे, त्याने खुशाल स्थळ बदलावे. ज्याला केवळ दोन दिवसांची किरकोळ रजा आहे, त्याने ऋतूची मनधरणी करावी.

मार्गशीर्ष-पौष हा निष्पक्ष दृष्टीने पाहता सर्वांत निर्धोक काळ. ओढ्यांना थोडे पाणी असते, हवा गार असते, वाट उघडी पडलेली असते. धोका एकच, आणि तोही चढ लागण्यापूर्वीचा : कोल्हापूरच्या अवतीभवती तेव्हा गुऱ्हाळे लागलेली असतात. उकळत्या काहिलीचा वास रस्त्यापर्यंत येतो, मालक आग्रहाने रस देतो, मग काकवी, मग गरम गूळ. आणि इतिहासाच्या ओढीने निघालेल्या मोहिमा पन्हाळ्याच्या पायथ्यालाही न पोहोचता तेथेच फत्ते होतात. दिवस लहान, हेही ध्यानात असावे. सहाच्या सुमारास अंधार पडतो, आणि टेकाड अजून उतरायचे असते.

चैत्रात ज्योतिबाची यात्रा. त्या दिवसांत त्या बाजूच्या गाड्यांत जागा मिळाली तर अंगावर गुलाल मिळतोच, आणि पदयात्रिक प्रस्थानापूर्वीच विजयी दिसू लागतो. पुढे वैशाखात झरे आटतात. करवंदे, जांभळे मुबलक मिळतात, पण त्यांनी तहान भागत नाही. पाण्याच्या शोधात गवेही निघालेले असतात. गव्याची व आपली एकाच झऱ्यावर गाठ पडल्यास त्याचा हक्क जुना, असे मानून माघार घ्यावी. दुपारी चार वाजता वळीव आलाच, तर तो गारांसकट येतो, आणि पठारावर झाड नसते.

आता निर्णय. ज्याला सुखाने चालावयाचे आहे, त्याने मार्गशीर्षात जावे, आणि परत आल्यावर गप्प राहावे. ज्याला सांगण्याजोगे काही हवे आहे, त्याने आषाढातच जावे; मात्र पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळावेत, कारण त्या सुमारास शेकडोंच्या तुकड्या निघतात आणि चिखल दुसऱ्याने तुडवलेला मिळतो. कोरड्या कपड्यांचा एक जोड दुहेरी पिशवीत बांधून अगदी तळाशी ठेवावा व मुक्कामापर्यंत त्याला हात लावू नये. रजेचा अर्ज ज्येष्ठातच द्यावा. कारणाच्या रकान्यात ‘ऐतिहासिक’ लिहू नये, ‘घरगुती’ लिहावे. ते सहसा मंजूर होते.