खिडकीला ताडपत्री

पनवेल-खारघरात फ्लॅट विकताना आधी खिडकी दाखवतात. भिंतभर सरकती काच, लांबवर डोंगर, 'उजेड बघा किती!' जून लागला की त्याच खिडकीच्या ग्रिलला बाहेरून निळी ताडपत्री बांधली जाते आणि घरात भरदुपारी ट्यूब लागते.

कधी पावसासोबत वादळही येतं. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यानिशी. अशा वादळाची बातमी आली की काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारायची हौस जगभर आहे. फुलीने काच बळकट होत नाही, उलट फुटलीच तर तुकडे मोठे पडतात. अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र हे कधीपासून सांगतंय. तिकडे पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या झडपा मिळतात. उडून आलेली फांदी बाहेर, उजेड आत. आपल्याकडेही पॉलिकार्बोनेट आलंय, पण ते पार्किंगच्या छपरावर. गाड्यांना उजेड हवाच ना!

ताडपत्री काच वाचवत नाही, फक्त झड अडवते. सुतळी सुटली की रात्रभर फडफडते, तीही शेजाऱ्याच्या खिडकीवर. कोकणात पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप लावत. त्यांच्या फटींतून निदान अंगण तरी दिसे.

सोसायटीच्या सभेत मात्र वाद रंगतो तो एकाच मुद्द्यावर: सगळ्यांच्या ताडपत्र्या एकाच रंगाच्या हव्यात.