नकाशातल्या बाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती/सौ./कुमारी (लागू नसेल ते खोडावे) नकाशातल्या बाई,
मुक्काम : डॅशबोर्डवरचा मोबाइल

विषय : ठाणे ते कणकवली प्रवासाचा आपला अंदाज आणि आमचा कुत्रा

स.न.वि.वि.

हरतालिकेच्या दिवशी भल्या पहाटे आपण कमालीच्या ठाम आवाजात सांगितलंत, की आम्ही दुपारी दीडच्या सुमारास कणकवलीला टेकू. घरातल्या कुणाही वडीलधाऱ्याने एवढ्या खात्रीने कधी काही सांगितलेलं नाही, त्यामुळे आम्हाला भरून आलं. काकीला फोन करून पानं वाढायला सांगावं की काय, इथपर्यंत मजल गेली. आपल्या हिशोबात अंतर होतं, वाहतूक होती, वडखळची कोंडीही लाल रेघेने दाखवली होती. फक्त मागच्या सीटवर कोण बसलंय, ते आपण विचारलं नाहीत.

तर ओळख करून देतो. नाव ढब्बू. जात गावठी, रंग बिस्किटाचा, जन्म आमच्या सोसायटीच्या जनरेटरखाली. लसीचं कार्ड अद्ययावत आहे, माझं नाही. गाडी ही चालवते, पुढच्या सीटवर सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर मखराचे सुटे भाग. मागे ढब्बू, आणि त्याची मर्जी असेल तेवढ्या जागेत मी.

आपण म्हणाल, रेल्वेने जायचं. जरूर. कुत्र्याला डब्यात सोबत न्यायचं तर पहिल्या वर्गाचा दोन बर्थांचा कूपे किंवा चार बर्थांची केबिन अख्खी आपल्या नावावर हवी, आणि कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात वेगळं. नाहीतर गार्डच्या डब्यातला लोखंडी खोका आहेच. गणपतीत साध्या स्लीपरची तिकिटं खिडकी उघडल्यावर चहा गार व्हायच्या आत संपतात. तिथे आमच्या ढब्बूसाठी कूपे मागायला मी गेलो असतो, तर मागच्या रांगेने मलाच पार्सल केलं असतं. म्हणून आपल्या चरणी आलो.

आता मुद्द्यावर येतो. बाई, आपल्याला मूत्राशय नाही. यात आपला दोष नाही, पण साडेनऊ तासांचा तो अंदाज वाचताना वाटतं की गाडीतल्या कुणालाच नसावं असं आपण धरून चालता. ढब्बूला दोन-अडीच तासांनी उतरावं लागतं. उतरला की लगेच काम आटपत नाही. आधी वास, मग फेरी, मग ज्या जागेवर एकमत झालं होतं ती रद्द, पुन्हा वास. आणि मुख्य म्हणजे त्याला झाड लागतं. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून चाललंय. त्यात जुन्या रस्त्यावर सावली धरून उभी असलेली मोठमोठी झाडं गेली, हे बातम्यांत वाचलं होतं. पण त्याचा अर्थ माणगावच्या अलीकडे दोरी धरून उभं राहिल्यावर कळला. एका बाजूला काँक्रीटचा कठडा, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मध्ये खडी. ढब्बू बराच वेळ गोंधळून या टोकाहून त्या टोकाला फिरला. शेवटी त्याला जमिनीतून वर आलेली एकमेव वस्तू सापडली : ‘काम प्रगतिपथावर आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असा पिवळा फलक. त्याने तो नीट हुंगला, एक पाय वर केला आणि समस्त कोकणवासीयांच्या वतीने आपला अभिप्राय नोंदवला. कोंडीत अडकलेल्या शेजारच्या टेम्पोतून टाळ्या पडल्या. इकडे आपलं मात्र चालूच, ‘सरळ पुढे जा’.

महाडच्या आसपास सासूबाईंनी रायगडाच्या दिशेने हात जोडले आणि वाघ्या कुत्र्याच्या समाधीचा विषय काढला. गाडीत त्यावर दोन पक्ष आहेत. विषय तत्काळ बंद करण्यात आला. संबंधिताने जांभई दिली.

जेवणाबद्दलही आपल्याला काही कल्पना दिसत नाही. ‘वाटेत चांगलं रेटिंग असलेलं हॉटेल’ म्हणून आपण जिथे नेलंत, तिथे दाराशीच पाटी होती, कुत्र्यांना मज्जाव. पाटीखाली त्या हॉटेलची स्वतःची दोन कुत्री आडवी पडली होती, तिसरं टेबलाखाली कुणाच्या तरी कांदाभजीची वाट बघत होतं. गल्ल्यावरच्या मालकांना हे दाखवलं, तर ते म्हणाले, ‘ती इथलीच आहेत हो.’ रहिवासाचा दाखला आणला नव्हता, त्यामुळे आम्ही गप्प बसलो. मग पाळ्या लावल्या. दोघींनी मिसळ खायची तेव्हा मी गाडीत, मी खायची तेव्हा ही गाडीत, आणि एसी सतत चालू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववतो. उन्हात उभी केलेली बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, काचेला फट ठेवून फारसा फरक पडत नाही. तेव्हा मिसळीपेक्षा डिझेल महाग पडलं. हे आपल्या रेटिंगमध्ये कुठे बसवायचं ते बघा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. कशेडीचा बोगदा 2023 च्या गणपतीच्या तोंडावर छोट्या गाड्यांना खुला झाला, आणि घाटाची ती सगळी वळणं वाचली. बोगद्यात शिरताच आपला आवाज गेला. ढब्बू त्याच क्षणी झोपला. योगायोग असेल.

पण आरवली ते संगमेश्वर ‘पर्यायी मार्ग’ लागले आणि आपण गाडी जिकडेतिकडे वळवायला लागलात. कुत्रं ओकणार असेल तर आधी सांगतं, फक्त बघायला हवं. पहिल्यांदा जीभ नाकावरून फिरते. मग जांभया येतात, झोपेशी काही संबंध नसलेल्या. मग ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा एक तंतू निघतो, खड्ड्यागणिक लांब होत जातो आणि शेवटी सीटच्या कव्हराला चिकटतो. तो चिकटला की आपल्याकडे अर्धं मिनिट असतं. मी ‘थांबव, थांबव’ ओरडलो. त्याच वेळी आपण म्हणालात, ‘पुढील चार किलोमीटर याच रस्त्यावर राहा.’ हिने आपलं ऐकलं. निघायच्या आधी चार तास त्याला दिलेली मूठभर दहीभाताची गोळी, जी सगळ्यांनी सांगितलं म्हणून दिली होती, माझ्या नव्या कुडत्यावर परत आली. तो कुडता आरतीसाठी होता.

हातखंब्याला संध्याकाळ झाली. लांजा, राजापूर, खारेपाटण अंधारात गेलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पोहोचण्याची वेळ आपण इतक्या सहजपणे पुढे ढकलत होतात, की एखाद्या सरकारी प्रकल्पालाही संकोच वाटावा. दीडचे तीन, तीनचे साडेपाच, साडेपाचचे नऊ. एकदाही ‘चुकलं’ म्हणाला नाहीत. मला आपला हेवा वाटतो.

शेवटी एका चिऱ्याच्या गडग्यासमोर आपण जाहीर केलंत, की आम्ही पोहोचलो. समोर गडगा, पलीकडे भातशेती, घर पाणंदीने बरंच आत. तिथून पुढे काकाच बॅटरी घेऊन न्यायला आले. पहिला प्रश्न, ‘ह्यो पण इलो?’ काकी पाठोपाठ, ‘दमलो आसतलो, तेका आदी पाणी देवा.’ आम्हाला पाणी नंतर मिळालं. माजघरात त्याला यायचं नाही, हे काकीने बजावून सांगितलं. सांगताना मागे भिंतीवर दत्तगुरू होते, पायाशी चार कुत्री घेऊन. रात्री पडवीत दार लावून झोपवायचं हेही ठरलं, कारण आमच्या वाडीत बिबट्या कुत्री उचलतो, तिथे लाड चालत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घरोघरच्या खिरापतीने छळ मांडला. तिच्यात बेदाणे असतात आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, हे मी प्रत्येक ओटीवर सांगत फिरलो. ‘इतक्याशान काय होता?’ हे उत्तर सगळीकडे ठरलेलं. कणकवली तालुक्यात मी सध्या प्रसाद नाकारणारा नास्तिक म्हणून ओळखला जातो.

सबब विनंती अशी, की चारचाकी, दुचाकी, पायी या आपल्या चित्रांशेजारी चार पायांचं एक चित्र घालावं. ते दाबल्यावर रस्त्यालगत कुठे झाड उरलंय, कुठे सावलीत गाडी लावता येते, आणि कुठल्या हॉटेलात बाहेरच्या गावच्या कुत्र्यालाही बसू देतात, एवढंच दाखवावं. माणसांना झाडं, सावली आणि मुतारी कुठे आहे ते दाखवलंत तरी चालेल, पण तेवढी अपेक्षा आम्ही ठेवलेली नाही.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
मागच्या सीटवरचा एक चाकरमानी

ता. क. : गौरीविसर्जन झालं की परत निघतोय. किती वाजता पोहोचू ते कृपया सांगू नये. सासूबाई लगेच ठाण्याला फोन करून दूधवाल्याला कळवतात.