ॲनफिल्डची गादी

लिव्हरपूल,
रविवार, २८ एप्रिल २०२४

ती. आण्णांस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काय गं, तुमच्या क्लबाला नवा मॅनेजर मिळाला का?" मी तोंड उघडेपर्यंत फोन आईच्या हातात गेला होता आणि तिला माझ्या गुडघ्याचं ऐकायचं होतं. गुडघा बरा आहे. मॅनेजरचं आता सविस्तर लिहिते.

मिळाला, बहुतेक. हॉलंडमधल्या फेयेनूर्ड फुटबॉल क्लबाचा आर्ने स्लॉट. दोन्ही क्लबांचं जमल्याची बातमी आहे, सहीशिक्का बाकी. पण त्याआधीचे तीन महिने या गावात ज्याला-त्याला एकच काम होतं: नवा मॅनेजर कोण ते ठरवायचं.

२६ जानेवारीला लिव्हरपूलच्या मॅनेजर क्लॉपनी जाहीर केलं की आता अंगात जोर उरला नाही, हंगाम संपला की निघालो. साडेआठ वर्षांत या माणसानं २०१९ ला युरोपचा करंडक आणला आणि २०२० ला तीस वर्षं हुलकावणी देणारं लीगचं विजेतेपद. तुमचे जावई त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटीवर होते. भूल उतरलेल्या एका पेशंटनं ऑपरेशन कसं झालं हे न विचारता "क्लॉप खरंच चालला का हो?" असं विचारलं म्हणे. संध्याकाळी हे घरी आले ते असे, की मी आधी पुण्याला फोन लावून सासूबाई ठीक आहेत ना याची खात्री करून घेतली.

हेच ते जावई, आण्णा, ज्यांना तुम्ही शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी हा फुटबॉलचा सामना बघायला नेलंत आणि ज्यांनी भर गर्दीत "ऑफसाइड म्हणजे नक्की काय?" असं विचारून तुमची पेठेत शोभा केली. आता त्यांना सगळं कळतं. नुसतं कळत नाही, त्याचा तक्ता असतो. इथलं घर घेताना केला होता, त्याच फाईलमध्ये नवं पान उघडलं. डावीकडे उमेदवारांची नावं आणि वर रकाने: वय, अनुभव, बचावाला माणसं किती, पत्रकारांशी वागणूक, एकूण गुण.

पहिलं नाव शाबी अलोन्सो. २००५ ला इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात मिलानविरुद्ध मध्यंतराला ०-३ असताना तिसरा गोल फेडणारा तोच. पेनल्टी अडवली गेली, तर परत आलेला चेंडू त्यानं जाळ्यात घातला. म्हणजे घरचा माणूस, आणि घरच्या माणसाचं वजन तुम्हाला मी काय सांगायचं! त्यात त्याचं लेव्हरकुसेन यंदा लीगमध्ये एकही सामना हरलेलं नाही. दोन महिने सगळं गाव एका सुरात "शाबी, शाबी" करत होतं. गुड फ्रायडेला त्यानं सांगून टाकलं की मी आहे तिथंच राहणार. शनिवारी तेच लोक ब्रेडच्या रांगेत म्हणत होते, "तसा अजून कच्चाच आहे तो. अनुभव कुठाय?"

मग पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा रुबेन अमोरिम. हा बचावाला तीन माणसं लावतो आणि लिव्हरपूलला चारची सवय. यावरून आमच्या जेवणाच्या टेबलावर युद्ध झालं. शेजारचे आजोबा जेवायला आले होते. त्यांनी आमटीच्या तीन वाट्या मागं ओढल्या, यांनी चौथी सरकवली, आजोबांनी ती परत पुढं ढकलली. ही चौथी वाटी माझी होती. शेवटी अमोरिम वेस्ट हॅमशी बोलायला लंडनला जाऊन आला असं कळलं आणि आजोबांनी त्याचं नाव टाकलं. लिव्हरपूल सोडून वेस्ट हॅमचा विचार करणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी कमी आहे, असं त्यांचं मत.

सगळ्यात मनापासून सल्ला एव्हर्टनवाल्यांनी, म्हणजे गावातल्या दुसऱ्या क्लबाच्या लोकांनी दिला. एक टॅक्सीवाला स्टेशनपासून घरापर्यंत मला पटवत होता की जेरार्डच पाहिजे, गावचा मुलगा आहे, दुसऱ्या कुणाचा विचारच करू नका. मला फार बरं वाटलं. घरी आल्यावर थोरलीनं सांगितलं की जेरार्डला २०२२ मध्ये ॲस्टन व्हिलानं वर्ष पुरं व्हायच्या आत नारळ दिला होता आणि तो सध्या सौदी अरेबियात आहे. टॅक्सीच्या आरशाला एव्हर्टनचा निळा स्कार्फ होता, ते तेव्हा आठवलं.

आजोबांचं स्वतःचं म्हणणं सुरुवातीपासून वेगळंच. त्यांनी १९७४ चा जुलै पाहिलाय. तेव्हाचा मॅनेजर शँकली अचानक सोडून गेला तेव्हाही गावाला वाटलं, संपलं सगळं. गादीवर बसवला कोण, तर खेळाडूंचे पाय चोळणारा बॉब पेझली. मूळचा गवंडी, बोलायला संकोची आणि काम नको म्हणणारा. त्यानं नऊ हंगामांत सहा लीग आणि तीन युरोपियन करंडक घेतले. तेव्हा नावं कसली काढत बसलात, असं आजोबा म्हणतात आणि लगेच स्वतः तीन नावं काढतात.

मला विचाराल तर या सगळ्यांना नवा मॅनेजर नकोच आहे. जुनाच हवाय, थोडी झोप झालेला.

निवड अर्थात यातल्या कुणीच केली नाही. मालक अमेरिकेत बोस्टनला. त्यांनी क्लबाच्या जुन्या कारभाऱ्याला, मायकल एडवर्ड्सना परत आणलं, एडवर्ड्सनी बोर्नमथच्या रिचर्ड ह्यूजना घेतलं, आणि आकड्यांचा कीस काढून स्लॉटचं नाव निघालं म्हणतात. म्हणजे तिकडेही तक्ताच! हे ऐकल्यापासून तुमच्या जावयांची चाल बदललीय. त्यांच्या तक्त्यात स्लॉट नव्हताच, हा मुद्दा मी जेवताना काढला, पण तो चर्चेला घेण्यात आला नाही.

स्लॉटनं गेल्या वर्षी हॉलंडची लीग जिंकली, मागच्या रविवारी तिथला करंडकही. या गल्लीत गुरुवारपर्यंत फेयेनूर्डचा सामना कुणी पाहिला नव्हता. शुक्रवारी सगळे जन्मापासून रॉटरडॅमला राहिल्यासारखे बोलू लागले. धाकट्याची हरकत एवढीच की त्याला केस नाहीत, मग क्लॉपसारखी टोपी तरी घालणार का.

या आठवड्यात खरं तर सुतकच आहे. बुधवारी एव्हर्टननं त्यांच्या मैदानावर आम्हाला २-० हरवलं, २०१० नंतर पहिल्यांदा. काल वेस्ट हॅमशी २-२. त्यात आमचा खेळाडू सालाह आणि क्लॉप यांची मैदानाच्या कडेलाच जुंपली, आणि नंतर पत्रकारांना सालाह म्हणाला की मी बोललो तर आग लागेल. हे रात्री बराच वेळ गप्प होते. सकाळी चहा द्यायला गेले तर लॅपटॉप उघडा, नवं पान, वर मथळा: सालाहच्या जागी कोण?

आईला नमस्कार.

तुमची,
लेक