धरून बसणारा

निवृत्त झाल्यावर मी बाल्कनीत एक जुनं टेबल टाकलं आणि त्याला कारखाना म्हणायला लागलो. घरच्यांनी हरकत घेतली नाही, कारण त्यामुळे मी हॉलमधून उठलो. मग हत्यारं आणायला रविवार पेठेतली बोहरी आळी गाठली. मनात तीन वस्तू होत्या: ट्रिमर, सँडर आणि शिकंजे. पैसे दोनांचेच होते.

दुकानदारानं ट्रिमर चालू करून दाखवला आणि मी तिथेच विरघळलो. मुठीत मावणारं यंत्र, पण मिनिटाला 30 हजारांच्या आसपास फेरे! सँडरही असाच गुरगुरला. शिकंजा मात्र काउंटरवर निमूट पडून होता. ज्याला वायर नाही, आवाज नाही, त्याला पैसे कशाचे द्यायचे? मी पहिले दोन घेऊन रिक्षात बसलो.

ट्रिमरचं काम साधं. प्लायवर चिकटवलेल्या सनमायकाची बाहेर आलेली किनार तो कडेबरोबर उतरवतो. पात्याच्या टोकाशी असलेलं बारकं बेअरिंग कडेला टेकून चालतं, त्यामुळे पातं आत घुसत नाही. अट एकच: कडेसमोर उभं राहून यंत्र डावीकडून उजवीकडे न्यायचं. उलट नेलं, की जत्रेत हात सोडवून पळणाऱ्या पोरासारखं ते पुढे सुटतं. मी एका दारावर नेमकं उलट नेलं. पाहुणे त्या दाराच्या कडेवरच्या नक्षीचं कौतुक करतात, मीही ते नाकारत नाही.

सँडरची चकती गोल फिरते आणि फिरता फिरता किंचित डुलतेही, म्हणून ओरखडे एका रेघेत उमटत नाहीत. पॉलिश पेपर 80 नंबरचा, मग 120, मग 180, मग 220 असं पायरीपायरीनं चढायचं. मी 80 वरून थेट 220 वर उडी मारली. पॉलिशचा हात फिरला आणि लपलेले सगळे ओरखडे साक्षीदारांसारखे पुढे आले. मग ते घालवायला मशीन जोर लावून दाबलं. मशीन स्वतःच्या वजनानंच काम करतं, हे मला ठाऊक नव्हतं. थोड्याच वेळात सागवानाच्या विनीअरखालून प्लाय डोकावलं. आमच्या कपाटाची सागवानी श्रीमंती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची होती.

इतकं होऊनही मी खचलो नाही, स्टूल करायला घेतलं. खाचा पाडल्या, ज्याला आपण सरसकट फेव्हिकॉल म्हणतो तो पांढरा गोंद लावला, पाय बसवले आणि दहा मिनिटांनी स्वतः बसलो. त्यानंतरचं सविस्तर सांगत नाही.

शेजारी काम करायला येणारे मिस्त्री आवाज ऐकून आले. मी गोंदाला नावं ठेवू लागलो. त्यांनी सुटलेला सांधा पाहिला. "काका, गोंद चांगलाय. धरलं कुणी?"

मग त्यांनी समजावलं. गोंदातलं पाणी लाकडात मुरेपर्यंत दोन्ही लाकडं एकमेकांना चिकटून राहायला हवीत. निदान अर्धा-एक तास शिकंजा, आणि पुरती ताकद यायला एक दिवस. शिकंजाही फार आवळायचा नाही, नाहीतर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. कडेनं बारीक मणी दिसले की पुरे. "आणि शिकंजा नसेल तर?" त्यांनी पिशवीतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली, पायांभोवती ताणून गुंडाळली, एका बाजूला पाचर ठोकली आणि म्हणाले, "आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

तो दिवस फार कठीण गेला. दर तासाला मी स्टुलाभोवती फेरी मारून येत होतो. घाटात लिहिलेलं असतं ना, 'अति घाई संकटात नेई'. ते एकदा बाल्कनीतही लिहून घ्यावं, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बोहरी आळीत गेलो आणि चार शिकंजे आणले. टेबलावर ओळीनं मांडले. बायको पाहून म्हणाली, "हे दिवसभर करतात काय?"

"काही नाही. धरून बसतात."

"मग विकत कशाला आणले? घरात एक होताच."

स्टूल अजून शाबूत आहे. शिकंजे मात्र चार पुरत नाहीत, आणखी दोन आणावे लागतील.