काय बाई ही काचेची हौस!

झाडांवर प्रेम करावं, नको कोण म्हणतंय? तुळशीला पाणी घाला, वडाला सूत गुंडाळा, अगदीच राहवलं नाही तर बाल्कनीत कढीपत्ता लावा. पण झाड आवडलं म्हणून त्याच्याभोवती काचेचा वाडा उभारायचा, तो खालून कोळशाने शेकत बसायचं आणि वर राणीला बघायला बोलवायचं? भल्या घरी शोभतं का हे? पण ही थेरं इंग्लंडात झाली आणि तीही डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूककडे. आता बोला!

हे ड्यूक अविवाहित. म्हणजे पैसा घालवायला काहीतरी निमित्त हवंच होतं. १८२६ साली त्यांनी चॅट्सवर्थच्या बागेवर जोसेफ पॅक्स्टन नावाचा २२ वर्षांचा मुख्य माळी नेमला. या पोराचा पहिला दिवस ऐकण्यासारखा आहे. पहाटे साडेचारला हजर. कुणी जागं नाही म्हणून फाटकावरून चढून आत. सगळी बाग पालथी घातली, सहाला गडी कामाला जुंपले, मग हाउसकीपर बाईंकडे न्याहारीला गेला, तर तिथे बाईंची भाची! तिचं त्याच्यावर आणि त्याचं तिच्यावर प्रेम जडलं. हे सगळं नऊच्या आत. मी पदरचं काही सांगत नाही, त्यानेच लिहून ठेवलंय, आणि आधी ती प्रेमात पडली, मग मी, असा क्रमही लावलाय. पुढच्या वर्षी लग्न. अशा घाईच्या माणसाच्या हाती ड्यूकने तिजोरी दिल्यावर दुसरं काय होणार!

झालं ‘ग्रेट स्टोव्ह’. नाव शेगडीचं, आकार २७७ फूट लांब. आत केळी, ताडमाड आणि दोन घोडागाड्या शेजारून जातील एवढा रस्ता. १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणी त्यातून गाडीने फिरून आली. तळाशी आठ बॉयलर धगधगायचे, आणि त्यांचा कोळसा मात्र जमिनीखालच्या भुयारातून, रुळांवरच्या डब्यांतून यायचा. वर केळीचं पान हललं की पाहुण्यांनी ‘वा, काय निसर्ग!’ म्हणायचं. खालच्या घामाची चर्चा नाही. आणि बघा हं, पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना तेव्हा हा सगळा निसर्ग गारठून मेला. १९२० मध्ये सुरुंग लावून ते घर पाडावं लागलं. तेही एका सुरुंगात पडलं नाही म्हणतात.

पण खरी गंमत कमळाची. ॲमेझॉनचं ते परातीएवढं पान माहीत आहे ना? त्याला इंग्लंडात पहिलं फूल कोण आणतं यावर थोरामोठ्यांत चुरस लागली होती. क्यूच्या सरकारी बागेत रोपं होती, पण फुलायचं नाव काढेनात. १८४९ च्या ऑगस्टमध्ये त्यातलंच एक रोप पॅक्स्टनने नेलं आणि नोव्हेंबरात फुलवून दाखवलं! क्यूवाल्यांची तोंडं काय झाली असतील? मग बहाद्दराने स्वतःच्या सात वर्षांच्या लेकीला, ॲनीला, त्या तरंगत्या पानावर उभं केलं. वर्तमानपत्रात चित्र छापून आलं. पोरीची आई त्या वेळी काय म्हणाली, ते काही कुणी छापलं नाही.

त्या पानाच्या शिरांची रचना डोक्यात घेऊन त्याने कमळासाठी वेगळं काचघर बांधलं, आणि १८५० मध्ये रेल्वे कंपनीच्या बैठकीत टीपकागदावर लंडनच्या प्रदर्शनासाठीच्या काचेच्या इमारतीचं, क्रिस्टल पॅलेसचं, रेखाटन केलं. कामकाजाकडे लक्ष नको का माणसाचं? हाइड पार्कातली एल्मची झाडं तोडायची नाहीत असा आग्रह होता, म्हणून त्यांच्यासकट सगळ्यावर काच चढवली. झाडांबरोबर चिमण्याही आत कोंडल्या गेल्या. राणीने वेलिंग्टनच्या ड्यूकला उपाय विचारला, तर वॉटर्लूच्या या वीराने ससाणे सोडा म्हणून सल्ला दिला, असा किस्सा आहे. खरा असो नसो, मला तो फार आवडतो.

आपण तरी कोणत्या तोंडाने हसायचं? क्रिस्टल पॅलेसच्या कामावर असलेल्या रोलंड ऑर्डिशनेच पुढे मुंबईच्या वॉटसन हॉटेलाचा लोखंडी सांगाडा रचला. तो इंग्लंडात ओतून जहाजाने इथे आणला. काळा घोड्याला आजही उभा आहे बिचारा, टेकू लावून.

आता अमेरिकेतलं प्रकरण. हळू बोला. शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ, मूत्रपिंडांच्या तज्ज्ञ, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी थोर वास्तुविशारद मीस व्हान डर रोह यांच्याकडून नदीकाठी सुटीतलं घर बांधून घेतलं. चारी बाजूंनी काच. १९५१ मध्ये घर पुरं झालं आणि दोघांचं फाटलंच. (आधी त्यांचं कसं होतं यावर लोक काय काय बोलतात, ते मी इथे लिहिणार नाही.) बाईंची तक्रार काय, तर कपाटातला हँगरसुद्धा बाहेरून कसा दिसेल याचा विचार करून लावावा लागतो. ओट्याखाली कचऱ्याचा डबा ठेवायची सोय नाही, रस्त्यावरून दिसतो! उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात काचेवरून पाण्याचे ओघळ. रात्री दिवा लावला की काठावरचे झाडून सगळे डास भेटीला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी १९५४ मध्ये नदीच घरात आली. घर खांबांवर पाच फूट उचललेलं, तरीही.

मीसने फीसाठी दावा लावला, बाईंनी उलट दावा ठोकला, आणि कोर्टाने कौल मीसच्या बाजूने दिला. म्हणजे भिंत नाही ती नाही, वर पैसेही भरा. बाई त्या घरात आणखी बरीच वर्षं राहिल्या हे मात्र मला अजून उमजत नाही.

वास्तुविशारद फिलिप जॉन्सन जास्त हुशार. मीसचा आराखडा पाहून त्याने १९४९ मध्ये स्वतःसाठी काचेचं घर उभारलंसुद्धा, म्हणजे मूळ घराच्या आधीच नक्कल तयार! आणि समोर अंगणापलीकडे एक विटांचं, जवळजवळ बंदच घर. रात्री झोपायला अनेकदा तिकडे. काचेचं फोटोला, विटांचं माणसाला.

ही हौस आता कंपन्यांना आणि सरकारांना लागलीय. सिंगापूरच्या दमट उकाड्यात २०१२ पासून भलामोठा ‘फ्लॉवर डोम’ आहे. तिथे झाडांना ऊब नव्हे, गारवा पुरवतात, कारण पाहुणी झाडं भूमध्यसागरी हवामानातली. चॅट्सवर्थला जे शेकायचे, ते इथे थंड करायचं, एवढाच फरक. सिएटलला ॲमेझॉन कंपनीने २०१८ मध्ये काचेचे तीन गोल उघडले. आत सुमारे ४०,००० झाडं आणि मधेमधे मीटिंगच्या जागा. एक तर आपल्या वडाच्या कुळातलं अख्खं झाड, क्रेनने उचलून छपरातून आत उतरवलेलं. लेकीची वरात अशी काढतात का?

आमच्या ऑफिसच्या नव्या इमारतीत लॉबीतच काचेमागे बांबू लावलेत. ते खरे की प्लास्टिकचे, यावर लिफ्टमध्ये पैज लागलीय. काच फिक्स, आत जायला दार नाही, आणि आर्किटेक्टला विचारायची कुणाची हिंमत नाही. माझे पन्नास रुपये प्लास्टिकवर आहेत.