मैदान मागणारी सप्रे

पानिपतावरून आमच्या घरात वाद होत नाहीत. तिथे काय चुकले, कोणाचे चुकले, याबद्दल तीन पिढ्यांचे एकमत आहे. वाद होतो तो बँकॉकवरून.

१९९२ च्या मे महिन्यात बँकॉकला मिस युनिव्हर्स स्पर्धा झाली आणि आपली मधू सप्रे तिसरी आली. अख्ख्या जगात तिसरी! पण दहावीच्या निकालाचा नियम आमच्याकडे सगळीकडे लागू असतो. पहिला नंबर आला तर पोरगी हुशार, तिसरा आला तर पेपर तपासणाऱ्याचे डोके फिरलेले.

तोवर सौंदर्यस्पर्धा हा आमच्याकडे चारचौघांत बोलायचा विषय नव्हता. १९६६ साली लंडनमध्ये रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली, त्या वेळी ती मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. तेवढ्यावर आजीने तिला माफ केले होते. "डॉक्टर होणारी मुलगी आहे हो, सुट्टीत गेली असेल," असे ती म्हणायची. १९९२ ला मात्र माफीचा प्रश्नच उरला नाही. आडनाव सप्रे! बातमी आली त्या संध्याकाळी आत्याने वन्संच्या चुलत सासूबाईंपर्यंत जाऊन सप्र्यांशी नाते काढले आणि "आपली मधू" असा उल्लेख सुरू केला.

मला तिच्या आडनावापेक्षा तिचा रंग आणि चाल आवडली होती. मधू मुळात खेळाडू. तिथून ती मॉडेलिंगकडे आलेली. उंच, सावळी, ताठ चालणारी. त्या काळी रविवारच्या पेपरात 'वधू पाहिजे'च्या रकान्यात गोरी, सडपातळ आणि गृहकृत्यदक्ष यांपलीकडे मुलीच अस्तित्वात नव्हत्या. त्या रकान्याने जिला दारातूनच परत पाठवले असते, ती बँकॉकला शेवटच्या तिघींत उभी होती. मुकुट तिचाच, असे अनेकांनी धरूनही टाकले होते.

आणि मग तो प्रश्न आला. तू देशाची नेता झालीस तर पहिली गोष्ट कोणती करशील? मधूने सांगितले, क्रीडांगण बांधीन.

झाले! या उत्तराने मुकुट गेला असे तेव्हापासून मानले जाते. गरिबी सोडून मैदान? लोकांनी कपाळावर हात मारले. ज्या काकांनी जन्मात भिकाऱ्याला आठ आणे दिले नाहीत, तेही "गरिबी म्हणायला काय जात होतं तिचं?" असे विचारू लागले. मुकुट गेला नामिबियाच्या मिशेल मॅकलीनकडे. हा देश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. बाबांनी जुना नकाशा काढला, तर त्यात नामिबिया नव्हताच. "नकाशात नसलेला देश जिंकतो आणि आपण हरतो," एवढे बोलून ते जेवायला बसले.

मधूच्या बाजूने घरात फक्त आई उभी राहिली. आम्हा भावंडांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मैदानच हवं. निदान ही कार्टी घराबाहेर तरी जातील."

यातला खरा विनोद असा, की या स्पर्धांत यशाची किल्ली आईपाशीच असते. १९९४ ला मनिलात सुष्मिता सेनला स्त्रीत्वाबद्दल विचारले. ती मातृत्वावर बोलली आणि मिस युनिव्हर्स झाली. २०१७ ला चीनमधल्या सान्या शहरात सर्वाधिक पगार कोणाला मिळावा असे विचारल्यावर मानुषी छिल्लरने आईचे नाव घेतले आणि मिस वर्ल्ड झाली. उत्तरे चांगलीच होती, वादच नाही. पण आई म्हटल्यावर परीक्षक नाही कसे म्हणणार? मैदान म्हणायला छाती लागते.

शिवाय नेते झाल्यावर माणसे पहिली गोष्ट काय करतात, हे आपण बघत आलोच आहोत. आधी सत्कार, मग बंगल्याची रंगरंगोटी. त्या मानाने क्रीडांगण फारच लोकोपयोगी म्हणायचे.

नियतीने तर निकालाची शाई वाळू दिली नाही. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये बार्सिलोनाला ऑलिंपिक झाले. भारताची पदके: शून्य. कपाळावर हात मारणारे तेच लोक "आपल्याकडे मैदानंच नाहीत हो" म्हणून हळहळू लागले. "मधू तेच सांगत होती!" असे मी ओरडलो, पण तोवर तिला कोणी विचारत नव्हते. पुढे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचे संकुल उभे राहिले. मधूला नेता न करताच तिचा जाहीरनामा अमलात आला. श्रेय नेहमीप्रमाणे इतरांनी घेतले.

माझी आशा खरी पालवली ती डिसेंबर २०१५ मध्ये. लास वेगासच्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत सूत्रसंचालक स्टीव्ह हार्वेने कोलंबियाच्या अरियाद्ना गुतिएरेझचे नाव पुकारले. मुकुट चढला, फुले आली, ती हात हलवू लागली. काही मिनिटांनी हार्वे परत आला आणि वाचायला चूक झाली, विजेती फिलिपीन्सची पिया वुर्ट्झबाख, असे म्हणाला. भर मंचावर एकीचा मुकुट उतरवून दुसरीला घातला गेला. जगाला कोलंबियाची दया आली. मला आनंद झाला. निकाल दुरुस्त करता येतो, हे एकदाचे सिद्ध झाले! मिनिटांनी करता येतो तर वर्षांनी का नाही?

अर्थात मॅकलीनबाईंकडून मुकुट काढून घ्या, असे मी म्हणत नाही. तेवढा दिलदारपणा आमच्यात आहे. पण बँकॉकमधले सगळ्यात शहाणे उत्तर मधू सप्रेचेच होते. पटत नसेल, तर रविवारी सकाळी कुठल्याही सोसायटीत पोरांच्या स्टंपांमागे आपली गाडी लावा आणि काच किती वेळ शाबूत राहते ते मोजा.